विमान उडवणारे पाणी

पूर्वी घाट चढून आलेली मालमोटार माथ्यावर हमखास थांबायची. ड्रायव्हर बॉनेट उघडून, हाताला फडके गुंडाळून रेडिएटरचे झाकण जपून सैल करायचा. वाफेचा फवारा ओसरला, की क्लीनर डब्याने पाणी ओतायचा. आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले असेल. त्या मोटारीला निदान थांबता येत होते. विमानाला ती सोय नाही. इंजिन तापले आणि खाली उतरण्याजोगी जागा नसली, तर तिथेच सगळे संपते.

विमानाच्या इतिहासाच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुधा पंखांच्या आणि वैमानिकांच्या धाडसाच्या असतात. आज आपण त्या इतिहासातल्या एका साध्या वस्तूकडे पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे पाणी. १९०३ ते १९३३ या तीस वर्षांत विमानाचे इंजिन १२ अश्वशक्तीपासून दोन हजार अश्वशक्तीच्याही पुढे गेले. या वाढीच्या मुळाशी एकच प्रश्न होता : इंजिनाभोवती पाणी ठेवायचे कसे, आणि ते गळू द्यायचे नाही ते कसे?

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. पेट्रोल जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातला जेमतेम पाव ते तृतीयांश भाग पंखा फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो. उरलेला सिलिंडरच्या भिंतीत शिरतो. हा भाग बाहेर काढला नाही, तर वंगणाचे तेल जळते, पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरमध्ये आवळतो, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा जळतात आणि काही मिनिटांत इंजिन बंद पडते.

ही उष्णता काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हवेचा. सिलिंडरला बाहेरून पातळ पात्या ठेवायच्या आणि त्यांवरून वारा वाहू द्यायचा. मोटारसायकलच्या इंजिनावर या पात्या आपण रोज पाहतो. दुसरा मार्ग पाण्याचा. सिलिंडरभोवती एक आवरण करून त्यात पाणी खेळवायचे. उष्णता शोषून घेण्याच्या बाबतीत पाण्यासारखा स्वस्त आणि गुणी पदार्थ दुसरा नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची व्यवस्था शेतकऱ्यांना ठाऊक असते. पंपाने उपसलेल्या पाण्यातलेच थोडे इंजिनाभोवती फिरवून सोडून दिले, की काम भागते. विहीर जवळ असल्याने पाण्याची ददात नाही. विमानाला मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते. म्हणजे ते निववणारा रेडिएटर हवा, पंप हवा, नळ्या हव्यात. शिवाय दर लिटर पाण्यामागे एक किलो वजन आलेच. त्या काळी विमानाला एकेक किलो भारी होता. म्हणूनच हवा की पाणी, हा वाद पहिल्या दिवसापासून सुरू झाला.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते. १९०२ साली त्यांचे ग्लायडर हवेत नीट ताब्यात राहू लागले, तेव्हा त्यांनी इंजिने बनवणाऱ्या कारखान्यांना पत्रे लिहिली. आठ-नऊ अश्वशक्तीचे हलके इंजिन मिळेल का, अशी विचारणा होती. हवे तसे इंजिन द्यायला कुणीच तयार झाले नाही. अखेर दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने ते बनवायला घेतले. लेथ, ड्रिलिंगचे यंत्र आणि हाताची हत्यारे एवढ्यावर त्याने सहा आठवड्यांत इंजिन उभे केले. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढला. वजन वाचवण्यासाठी इंजिनाचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबे मिसळून ओतून घेतला. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना बेअरिंग आवळले आणि तो सांगाडाच फुटला. दुसरा ओतून येईपर्यंत वसंत ऋतू उजाडला.

या इंजिनाची पाण्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे. चार सिलिंडर आडवे होते आणि त्यांच्याभोवतीची पाण्याची जागा सांगाड्यातच ओतलेली होती. पाणी फिरवायला पंप नव्हता. विमानाच्या एका उभ्या खांबाला पत्र्याच्या चपट्या नळ्यांची एक टाकी बांधली होती. तिला रेडिएटर म्हणत, पण इंजिनातले पाणी वाफ होऊन जितके कमी होईल तितके भरून काढणे, एवढेच तिचे काम. सिलिंडरच्या ज्या टोकाशी पेट्रोल जळायचे, तिथे तर पाणी पोचतच नव्हते. ते टोक तापून लाल व्हायचे. सुरू होताच हे इंजिन १६ अश्वशक्ती द्यायचे आणि मिनिटाभरात तापून १२ वर यायचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंदांचे होते आणि सर्वांत लांबचे ५९ सेकंदांचे. एवढ्या वेळापुरते ते इंजिन पुरेसे होते. मानवाचे पहिले यांत्रिक उड्डाण पाण्याच्या वाफेच्या भरवशावर मिनिटाच्या आत पार पडले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

त्याच वर्षी याहून कितीतरी सरस इंजिन अमेरिकेतच तयार झाले होते. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांना विमान बनवण्यासाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने ५० हजार डॉलर दिले होते. त्यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी स्टीफन बाल्झर यांच्या मूळ इंजिनात आमूलाग्र बदल करून पाच सिलिंडरचे इंजिन सिद्ध केले. पोलादी सिलिंडरभोवती पातळ पत्र्याचे आवरण डाग देऊन बसवले होते. रेडिएटर आणि पाणी धरून त्याचे वजन ९५ किलोच्या आसपास होते आणि ते ५२ अश्वशक्ती द्यायचे. राइट बंधूंच्या इंजिनाच्या चौपट! पण विमानच सदोष होते. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ अशा दोन्ही वेळी ते पोटोमॅक नदीत कोसळले. मॅन्ली स्वतः त्यात होते. सुदैवाने ते दोन्ही वेळा वाचले. दुसऱ्या अपघातानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. चांगले इंजिन पुरेसे नसते, हा धडा तेव्हा मिळाला. चांगल्या इंजिनाशिवायही फार दूर जाता येत नाही, हा दुसरा धडा पुढे युरोपात मिळायचा होता.

फ्रान्समध्ये लेआँ लेव्हाव्हासर हे शर्यतीच्या मोटरबोटींसाठी इंजिने बनवत. गास्तांबीद नावाच्या भागीदाराच्या मुलीवरून या इंजिनांचे नाव ठेवले होते ‘आंत्वानेत’. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, अशी त्यांची रचना होती. १९०६ च्या शरदात सांतोस-द्यूमाँ पॅरिसमध्ये उडाले ते याच इंजिनावर. लेव्हाव्हासर यांनी एक हुशारी केली. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते, पण त्याच लिटरची वाफ व्हायला आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे पाणी उकळू दिले, तर थोडे पाणी पुष्कळ उष्णता वाहून नेते. त्यांनी पाण्याची वाफ होऊ दिली, ती विमानाच्या कुशींवरच्या लांब नळ्यांमधून नेऊन थंड केली आणि तिचे पाणी पुन्हा इंजिनात सोडले. सिलिंडरभोवतीची आवरणे विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवून केलेली होती. कल्पना सुंदर होती, पण यंत्र फार नाजूक झाले.

१९ जुलै १९०९ रोजी ह्युबर्ट लॅथम आंत्वानेत विमानातून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले. वाटेतच इंजिन बंद पडले आणि विमान समुद्रावर उतरले. सोडवायला आलेल्या फ्रेंच नौकेला लॅथम तरंगत्या विमानावर सिगारेट ओढत बसलेले आढळले. सहाच दिवसांनी, २५ जुलैला, लुई ब्लेरिओ यांनी तीन सिलिंडरच्या, २५ अश्वशक्तीच्या, केवळ हवेवर थंड होणाऱ्या अँझानी इंजिनाच्या जोरावर खाडी ओलांडली. तेही इंजिन तापतच होते. वाटेत पावसाची सर आली आणि तिने ते निवले, असे सांगतात. ती सर आली असो वा नसो, जगाने धडा घेतला तो असा, की पाण्याचे लोढणे गळ्यात नको.

महिन्याभरात, ऑगस्ट १९०९ मध्ये, रेम्स शहरी विमानांचा मोठा मेळा भरला. तिथे आँरी फार्मन यांनी सेगाँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनावर १८० किलोमीटरचे उड्डाण करून बक्षीस जिंकले. या इंजिनाचा प्रकारच निराळा होता. क्रँकशाफ्ट स्थिर राहायचा आणि त्याच्याभोवती पंख्यासकट सगळे सिलिंडर गरगर फिरायचे. त्यामुळे वारा आपोआप मिळायचा. रेडिएटर नाही, पाणी नाही, गळती नाही. वंगणाला एरंडेल लागायचे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ते वैमानिकाच्या तोंडावर उडायचे आणि पोटातही जायचे. त्याचा परिणाम आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. तरीही पुढची चार-पाच वर्षे या फिरत्या इंजिनांचीच चलती होती.

मग पाणी परत कसे आले? फिरत्या इंजिनाला मर्यादा होती. शक्ती वाढवायची तर सिलिंडर वाढवायचे. तेवढे मोठे धूड गरगर फिरवण्यातच शक्ती वाया जायची आणि त्याच्या गिरकीमुळे विमान वळवणे अवघड व्हायचे. दोनशे अश्वशक्तीच्या आसपास हा रस्ता संपत होता. शिवाय पेट्रोल आणि एरंडेल ते भरमसाट खायचे. तास-दोन तासांच्या उड्डाणासाठी हलके इंजिन फायद्याचे. सहा तास उडायचे असेल, तर कमी पेट्रोल पिणारे जड इंजिनच एकूण हिशेबात हलके पडते. हा हिशेब सर्वांत आधी जर्मनांनी मनावर घेतला.

जर्मनीच्या कैसरने १९१२ साली उत्तम विमान-इंजिनासाठी बक्षीस जाहीर केले. ते बेंझ कंपनीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला मिळाले. पाठोपाठ डाइमलरची सहा सिलिंडरची ‘मर्सिडीझ’ इंजिने आली. त्यात प्रत्येक सिलिंडर पोलादाचा आणि सुटा होता. त्याभोवती पातळ पोलादी पत्र्याचे आवरण वेल्डिंग करून बसवत. सहा सुटे सिलिंडर एका ओळीत उभे करून नळ्यांनी जोडले, की इंजिन तयार. एक सिलिंडर बिघडला तर तेवढाच बदलता येत असे. रचना हलकी होती आणि भरवशाची होती. १६० अश्वशक्तीच्या अशा इंजिनावर पहिल्या महायुद्धात जर्मनीची लढाऊ विमाने उडाली.

पण पाण्याचे दुखणे जिथे असते तिथेच राहिले, म्हणजे सांध्यात. प्रत्येक आवरणाला वेल्डिंगची लांबच लांब शिवण. प्रत्येक सिलिंडरला पाणी आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा जोड. इंजिन हादरत असते, तापते आणि निवते. धातू सतत ताणला जातो आणि आकसतो. बारीकशी चीर पडली तरी पाणी पाझरू लागते. नळाची वॉशर गेली, तर घरात बादली ठेवून भागते. दहा हजार फुटांवर तेवढेच पाणी गेले, की दहा-पंधरा मिनिटांत इंजिन बंद. आणि युद्धात गळतीला चीर पडण्याचीही वाट पाहावी लागत नाही. जर्मनांच्या अल्बाट्रॉस डी-३ विमानात रेडिएटर वरच्या पंखात, बरोबर वैमानिकाच्या डोक्यावर होता. त्याला गोळी लागली, की उकळते पाणी वैमानिकाच्या अंगावर पडायचे. तक्रारी झाल्या, तेव्हा पुढच्या विमानांत तो उजवीकडे सरकवावा लागला.

ब्रिटनकडे १९१४ साली या तोडीचे स्वतःचे इंजिन नव्हते. जुलै १९१४ मध्ये मर्सिडीझने फ्रान्समधली मोटारींची मोठी शर्यत जिंकली होती. त्या शर्यतीच्या ताफ्यातली एक मोटार युद्ध सुरू झाले तेव्हा लंडनमध्ये होती. ती ताब्यात घेऊन डर्बीला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात नेली आणि तिचे इंजिन खोलून अभ्यासले. हेन्री रॉइस यांनी ‘ईगल’ हे बारा सिलिंडरचे इंजिन काढले, त्यातही पोलादी सुटे सिलिंडर आणि वेल्डिंगची आवरणे होती. सुरुवातीच्या २२५ अश्वशक्तीवरून युद्ध संपेपर्यंत ते ३६० वर गेले. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडला, तो दोन ईगल इंजिनांच्या बळावर. सांधे होतेच, पण ते करणाऱ्या कारागिरांचा हात पक्का होता. असा हात थोड्यांचाच असतो आणि युद्धाला हजारो इंजिने हवी असतात. खरी अडचण ती होती.

या अडचणीवरचा उपाय आला बार्सिलोनाहून. मार्क बिर्किग्ट हे मूळचे स्वित्झर्लंडचे. स्पेनमध्ये ‘हिस्पानो-सुइझा’ या मोटार कंपनीचे ते मुख्य अभियंता होते. त्यांनी प्रश्न मुळातूनच बदलला. सांधे अधिक घट्ट कसे करायचे, हा विचार सोडून त्यांनी सांधेच काढून टाकले. चार सिलिंडर, त्यांची डोकी आणि त्यांच्याभोवतीची पाण्याची पोकळी हे सारे एकाच साच्यात अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतले. त्यात पोलादाच्या नळ्या आट्यांनी पिळून बसवल्या. पिस्टन या नळ्यांत वर-खाली होणार आणि पाणी बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात राहणार. वेल्डिंगची शिवण नाही, की आवरणांना जोडणाऱ्या नळ्या नाहीत. शिवाय चारही सिलिंडर एकमेकांना बिलगून असल्याने इंजिन आखूड आणि ताठ झाले. असे दोन ठोकळे ‘व्ही’च्या आकारात बसवले, की आठ सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन. वजन दोनशे किलोच्या आसपास. १९१५ साली फ्रेंच सरकारने त्याची कसून चाचणी घेतली. त्यात ते उतरले आणि मागण्यांची रीघ लागली. फ्रान्स, ब्रिटन, इटली, अमेरिका अशा अनेक देशांतल्या कारखान्यांनी परवाना घेऊन हे इंजिन बनवले. युद्धाच्या काळात या घराण्याची जवळपास पन्नास हजार इंजिने तयार झाली. हिस्पानो-सुइझाच्या मोटारींवर पुढे करकोच्याची मूर्ती दिसू लागली. तो करकोचा म्हणजे हे इंजिन वापरणाऱ्या गिनमेर या फ्रेंच वैमानिकाच्या पथकाचे चिन्ह होते.

सांधे गेले म्हणून दुखणी संपली, असे मात्र झाले नाही. अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम तेव्हा नवे होते. ओतताना आत बुडबुडे राहत आणि त्यातून पाणी झिरपे. त्यावर इनॅमलचा लेप चढवावा लागे. दुसरे असे, की पोलादाची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमची भिंत यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी उष्णता पाण्यापर्यंत पोचत नसे आणि झडपा जळत. पुढे शक्ती दोनशे अश्वशक्तीपर्यंत नेऊन पंख्यासाठी दातेरी चाके घातली. काही कारखान्यांत त्या चाकांना पाणी नीट दिले गेले नाही, म्हणजे लोहार विळ्याला देतो ते पाणी, आणि ती फुटू लागली. ब्रिटनमध्ये १९१७ साली एस.ई.-५-ए विमाने तयार होऊन इंजिनांची वाट पाहत उभी होती. सदोष चाकांची इंजिने आहेत हे ठाऊक असूनही ती आघाडीवर पाठवली गेली, कारण दुसरी नव्हतीच. वैमानिकाला याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

याच विमानाशी एका भारतीय तरुणाचे नाव जोडलेले आहे. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय १९१८ च्या जुलैत ४० क्रमांकाच्या पथकात एस.ई.-५-ए उडवत होते. जेमतेम दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला जर्मनांच्या फोकर डी-७ विमानांशी झालेल्या चकमकीत ते पडले. वय होते १९. त्या चकमकीत वर-खाली घिरट्या घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विमानांत इंजिने पाण्याचीच होती. एकीकडे बिर्किग्टचा अखंड ठोकळा आणि दुसरीकडे सुट्या सिलिंडरची जर्मन रांग. दहा वर्षांपूर्वी लोढणे म्हणून टाकून दिलेले पाणी आता दोन्ही बाजूंना होते.

अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिने एकच इंजिन ठरवून ते प्रचंड संख्येने काढायचे असा बेत केला. मे १९१७ च्या अखेरीस जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोन अभियंत्यांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसवले. आठवड्याच्या आत त्यांनी आराखडा पुरा केला. त्यातून ४०० अश्वशक्तीचे ‘लिबर्टी’ इंजिन जन्मले आणि वीस हजारांहून अधिक तयार झाले. त्यांनी नवे काही करून पाहण्याचा धोका पत्करला नाही. सुटे पोलादी सिलिंडर आणि वेल्डिंगची आवरणे ही जुनी, माहितीतली वाट धरली.

लिबर्टी इंजिने पुढे हिंदुस्थानात आली. युद्धानंतर वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश हवाई दलाची डी.एच.-९-ए विमाने असत, त्यांत हेच इंजिन होते. तिथे पाण्याची खरी परीक्षा झाली. रेडिएटर पाणी निववतो तो पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ८० अंशांवर आणि इंग्लंडमधली हवा १५ अंशांवर असेल, तर फरक ६५ अंशांचा. पेशावरच्या उन्हाळ्यात हवा ४२ अंशांवर गेली, की फरक उरतो ३८. म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ निम्मेच काम करतो. म्हणून उष्ण मुलखातल्या या विमानांच्या नाकाखाली आणखी एक रेडिएटर बसवावा लागला. अनोळखी डोंगरात उतरावे लागले तर म्हणून जादा चाक, सामान आणि पिण्याचे पाणी बरोबर घेत. त्याच डोंगरांवरून डिसेंबर १९२८ ते फेब्रुवारी १९२९ या काळात काबूलमध्ये अडकलेल्या ५८६ माणसांना विमानांनी बाहेर काढले. त्यात मोठा वाटा होता ‘व्हिक्टोरिया’ विमानांचा. त्यांची ‘नेपियर लायन’ इंजिनेही पाण्याचीच होती.

पण इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डी.एच.-९-ए च्या जागी सरहद्दीवर आलेल्या ‘वापिती’ विमानाचे इंजिन हवेवर थंड होणारे होते. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत भारतीय हवाई दलाचे पहिले पथक उभे राहिले, ते चार वापिती विमानांनिशी. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले, त्या ‘पस मॉथ’चे इंजिनही हवेचेच. साधी देखभाल, कमी भाग आणि उकळण्याची धास्ती नाही, हे गुण आपल्या हवेत मोलाचे होते. पाणी जिंकले आणि हवा हरली, असा निकाल या वादात कधीच लागला नाही. जिथे वेग हवा तिथे पाणी आणि जिथे साधेपणा हवा तिथे हवा, अशी वाटणी झाली.

वेगाचे कारण सोपे आहे. हवेवर थंड होणारा प्रत्येक सिलिंडर वाऱ्यात उभा करावा लागतो आणि विमानाचे नाक रुंद होते. पाण्याच्या इंजिनाचे सिलिंडर एकामागे एक लपवता येतात, म्हणून नाक निमुळते राहते. अमेरिकेच्या कर्टिस कंपनीच्या ‘डी-१२’ इंजिनाने हे दाखवून दिले. त्यात बिर्किग्टची अखंड ओतकामाची कल्पना पुढे नेली होती. पाणी आता थेट पोलादी नळीला भिडत होते, मधली अ‍ॅल्युमिनियमची भिंत गेली होती. १९२३ साली इंग्लंडमधल्या काउझ बंदरी ‘श्नायडर करंडक’ शर्यतीत हे इंजिन लावलेल्या अमेरिकन विमानाने ताशी सुमारे २८५ किलोमीटर वेगाने बाजी मारली. त्याचे रेडिएटर म्हणजे पंखांचा पृष्ठभागच होता. वाऱ्याला अडवणारे वेगळे काही नव्हते. ब्रिटनने हे इंजिन मागवले. रोल्स-रॉइसने ते अभ्यासले आणि सुट्या सिलिंडरची आपली जुनी पद्धत सोडली. त्यातून ‘केस्ट्रेल’ इंजिन आले. पुढे १९३१ साली एस-६-बी या शर्यतीच्या विमानात याच कंपनीचे ‘आर’ इंजिन दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती देत होते. पंख आणि तराफे, जिथे जागा मिळेल तिथे त्वचेखाली पाणी खेळवलेले होते. ताशी चारशे मैलांचा टप्पा त्याने ओलांडला.

एक अडचण तरी उरलीच होती. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. साडेपाच हजार मीटरवर ते ८१-८२ अंशांनाच उकळू लागते. यावर तीन उपाय करून झाले. लेव्हाव्हासर यांची वाफेची कल्पना पुन्हा बाहेर काढली, पण लढाऊ विमानात तिच्या नळ्या आणि टाक्या सांभाळणे जमेना. मग पाण्याऐवजी १९७ अंशांना उकळणारे ग्लायकॉल भरले. रेडिएटर लहान झाला, पण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, बारीक फटींतून पाझरते आणि पेटही घेऊ शकते. अखेर रोल्स-रॉइसच्या ‘मर्लिन’ इंजिनात ७० भाग पाणी, ३० भाग ग्लायकॉल आणि ते सारे दाबाखाली, अशी तडजोड ठरली. दाब दिल्यावर पाणी उशिरा उकळते, हे तर प्रेशर कुकर वापरणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असते. ऑक्टोबर १९३३ मध्ये पहिल्यांदा सुरू झालेल्या या इंजिनावर दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन उडाली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी हरिकेन चालवली, ती याच पाण्यावर.

पुढे जेट इंजिन आले आणि मोठ्या विमानांपुरता हा सारा खटाटोप मागे पडला. लहान विमानांत मात्र तो अजून चालू आहे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोटॅक्स ९१२’ इंजिनात सिलिंडरची डोकी पाण्याने आणि सिलिंडर हवेने थंड होतात. शंभर वर्षांच्या वादातली ही समजूतदार तडजोड म्हणायची.

या इतिहासात मोठमोठी नावे आहेत. पण प्रत्येक टप्प्यावर काम अडले ते साच्यात राहिलेल्या बुडबुड्याशी, वेल्डिंगच्या शिवणीशी, दातेरी चाकाला दिलेल्या पाण्याशी, आणि ते सुटले ते फाउंड्रीत आणि लेथवर काम करणाऱ्यांच्या हातून. त्यांतली बहुतेक नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. चार्ली टेलरचे नाव राहिले, तेही बऱ्याच उशिरा. सहा आठवड्यांत ते पहिले इंजिन करणारा हा माणूस पुढे अनेक वर्षे विस्मरणात गेला. ऑरव्हिल राइट यांनी मृत्युपत्रात त्याला वर्षाला ८०० डॉलर मिळण्याची सोय करून ठेवली होती. १९५६ साली तो वारला. आता अमेरिकेत २४ मे हा त्याचा जन्मदिवस विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.